फाटकावरचा एकटा माणूस

२३ एप्रिल २००३. लखनौच्या जिल्हा तुरुंगात एका आमदाराला भेटायला काही माणसे आली. आमदार स्वतः बंदी होता. जेलर एस. के. अवस्थी यांनी सांगितले, आत सोडण्याआधी यांची झडती घ्या. तक्रारीत नोंदलेली पुढची हकीकत अशी की, तो बंदी, मुख्तार अन्सारी, संतापला, त्याने शिवीगाळ केली आणि भेटायला आलेल्यांपैकीच एकाचे पिस्तूल घेऊन जेलरवर रोखले. आलमबाग ठाण्यात गुन्हा दाखल झाला. सतरा वर्षांनी, २०२० च्या डिसेंबरमध्ये, खालच्या न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. २१ सप्टेंबर २०२२ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि सात वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२४ मध्ये आरोपीचाच कोठडीत असताना मृत्यू झाला.

या प्रकरणातली गुन्हेगारी राजकारणाची बाजू वर्तमानपत्रांनी पुष्कळ रंगवली. मला त्यातला जेलर महत्त्वाचा वाटतो. भेटीला आलेल्याची झडती घेणे हा तुरुंग कर्मचाऱ्याच्या शिक्षणातला अगदी पहिला धडा. तो धडा या माणसाने पाळला. त्याच तुरुंगाचे अधीक्षक आर. के. तिवारी यांना चार वर्षांपूर्वी, ४ फेब्रुवारी १९९९ रोजी, लखनौत राजभवनाजवळ गोळ्या घालून मारले होते, हे माहीत असतानाही पाळला. म्हणजे शिक्षण कमी पडले असे म्हणता येत नाही. शिकवलेले पाळणाऱ्या माणसाच्या मागे उभे राहायला कुणी नव्हते, हे कमी पडले. पिस्तूल फाटकाच्या आत आलेच कसे, रोज कोण बिनझडतीचे आत जात होते, वरिष्ठांना ते ठाऊक होते का, हे प्रश्न घटनेच्या आधी विचारणारी कोणतीही यंत्रणा त्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर नव्हती.

मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. तुरुंगातल्या शिपायाला आणि अधिकाऱ्याला दिलेले शिक्षण बाहेरच्या स्वतंत्र तपासणीशिवाय टिकत नाही, आणि ही तपासणी कैद्याला जितकी हवी असते तितकीच, कधी कधी जास्तच, त्या शिपायाला हवी असते.

हे सांगायला लखनौसारखे दुसरे गाव नाही. तुरुंग कर्मचाऱ्यांना शिकवावे लागते ही कल्पना आपल्या देशात पहिल्यांदा प्रत्यक्षात आली ती याच शहरात. १९१९-२० साली अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय तुरुंग समितीने प्रथमच स्पष्ट सांगितले की, कैद्याला सुधारणे हे तुरुंगाचे काम आहे आणि ते काम शिकलेल्या माणसांच्या हाती सोपवावे. त्यानंतर बरीच वर्षे गेली. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि तुरुंगाची भाकरी खाऊन आलेली माणसे कारभाराला बसली. तुरुंगसुधारणेचा विषय हा त्यांच्यासाठी स्वतःच्या अंगावरचा अनुभव होता. १९४० मध्ये लखनौला देशातली पहिली तुरुंग प्रशिक्षण शाळा निघाली. आज तिचे नाव डॉ. संपूर्णानंद कारागार प्रशिक्षण संस्थान. उत्तर प्रदेशाबरोबर इतर राज्यांचे अधिकारीही तिथे शिकून गेले आहेत.

मराठी वाचकाला हा सगळा उत्तरेकडचा मामला वाटू नये. काकोरी खटल्यात लखनौच्या तुरुंगात असलेल्यांमध्ये रामकृष्ण खत्री होते, बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे. ९ ऑगस्ट १९२५ ला काकोरीजवळ गाडी अडवून सरकारी खजिना लुटला गेला, हजरतगंजातल्या रिंग थिएटरमध्ये, जिथे आज मोठे टपाल कार्यालय आहे, खटला चालला, आणि एप्रिल १९२७ मध्ये खत्रींना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. त्या खटल्यातल्या बंद्यांनी आत उपोषणे केली ती राजकीय कैदी म्हणून माणसासारखी वागणूक मिळावी यासाठी. खत्री पुढे लखनौचेच झाले. १९९६ साली तिथेच वारले. ज्या जुन्या तुरुंगाने ही माणसे पाहिली, तो आता उरलेला नाही. त्याच्या जागेवर मोठी बाग उभी आहे. इमारत पाडता येते. त्या इमारतीत मुरलेली वहिवाट मात्र नव्या तुरुंगात सामानाबरोबरच जाते.

संपूर्णानंद हे नाव शाळेला मिळाले ते उगाच नाही. १९५२ साली, उत्तर प्रदेशात मंत्री असताना, त्यांच्या पुढाकाराने चकियाजवळ चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामावर कैद्यांची खुली छावणी उभी राहिली. भिंत नाही, साखळदंड नाही, कामाला मजुरी. पळून गेलेल्यांची संख्या नगण्य राहिली. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १९६३ मध्ये सांगानेरला त्यांच्याच नावाचे खुले बंदी शिबिर सुरू झाले, ते आजही आहे. आपल्याकडे औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत, हाच प्रयोग १९३९ साली झाला होता आणि त्याच कल्पनेवर व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. या प्रयोगांविषयी आपण बोलतो तेव्हा विश्वास ठेवलेल्या कैद्यांचे कौतुक करतो. त्या वसाहतींवर नेमलेल्या रखवालदारांबद्दल कुणी बोलत नाही. बंदूक नसताना, कुलूप नसताना, शेकडो माणसांना नुसत्या बोलण्याने सांभाळणारा शिपाई कसा तयार झाला? त्याला कुणीतरी शिकवले असेल, आणि ते शिकवलेले त्या वसाहतीत रोज उपयोगी पडत होते. उघड्या आभाळाखाली सगळ्यांच्या देखत काम चालत होते, म्हणून ते टिकले असेही मला वाटते.

बंद तुरुंगात तसे होत नाही. प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला नवा बंदीरक्षक, म्हणजे आपल्याकडचा कारागृह शिपाई, नेमणुकीच्या ठिकाणी येतो. संस्थेत त्याने कवायत केलेली असते, कायद्याची कलमे पाठ केलेली असतात, मानवी हक्कांवरचे तास ऐकलेले असतात. पहिल्या आठवड्यात एखादा जुना हवालदार त्याला सांगतो की ते सगळे पुस्तकात ठेव, इथे असे चालते. कुठल्या बंद्याला कामातून सूट आहे आणि ती सूट कशामुळे आहे. कुणाच्या मुलाकातीला घड्याळ बघायचे नाही. ‘मुलाहिजा’ बरॅकीत आलेल्या नव्या माणसाला पहिल्या रात्री काय दाखवायचे. उत्तर प्रदेशातल्या तुरुंगांत ‘मशक्कत’ हा शब्द मुळात कामाचा. पण काम टाळण्यासाठी मोजावे लागणारे पैसे असाही त्याचा अर्थ बंद्यांच्या तोंडी रुळला आहे. एका शब्दाचा अर्थ असा बदलतो तेव्हा संस्थेतल्या वर्गापेक्षा ही दुसरी शाळा किती जोरकस आहे ते कळते. नव्या शिपायापुढे दोनच वाटा असतात. सामील व्हायचे, नाही तर एकटे पडायचे.

त्यात माणसे कमी. देशभरच्या तुरुंगांत मंजूर पदांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास पदे रिकामी असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. शंभरातले पंचाहत्तरांहून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यातही उत्तर प्रदेशात सर्वांत जास्त, १ लाख २० हजारांवर बंदी. जिथे शिपाई पुरत नाहीत तिथे कैदीच कैद्यांवर राज्य करतात. कुणी ‘नंबरदार’, कुणी ‘राइटर’. १८९४ च्या तुरुंग कायद्याने तर कैद्यांमधून नेमलेल्या अशा अधिकाऱ्यांना लोकसेवकाचा दर्जाच दिला. ज्याला कुणी शिकवलेले नाही, ज्याची कुणी परीक्षा घेतलेली नाही, असा माणूस रात्रीच्या बरॅकीत सरकार होतो. प्रशिक्षणाचे निकष कागदावर कितीही वाढवा, रात्री दहानंतर ते कुणाला लागू होतात हा प्रश्न तसाच राहतो.

इथे आपल्या व्यवस्थेतली मूळ गाठ सांगितली पाहिजे. अमेरिकेत गावपातळीवरचे तुरुंग बहुधा त्या त्या काउंटीचा शेरीफ चालवतो आणि अनेक ठिकाणी राज्य त्यांच्यावर देखरेख करते. चालवणारा एक, तपासणारा दुसरा. टेक्सास राज्यात १९७५ पासून यासाठी वेगळा आयोग आहे. जुलै २०१५ मध्ये वॉलर काउंटीच्या तुरुंगात सँड्रा ब्लँड या तरुणीचा मृत्यू झाला, तेव्हा याच आयोगाने त्या तुरुंगावर ठपका ठेवला: कर्मचाऱ्यांना दिलेल्या प्रशिक्षणाच्या नोंदी नाहीत, आणि बंद्यांकडे ठरलेल्या वेळी फेरी मारलेली नाही. दोन वर्षांनी तिच्या नावाने कायदा झाला आणि कोठडीतल्या मृत्यूची चौकशी बाहेरच्या यंत्रणेने करण्याची तरतूद आली. अमेरिकेतले तुरुंग आपल्याहून चांगले आहेत असे मी अजिबात म्हणणार नाही. तिथली कैद्यांची संख्या हीच एक शोकांतिका आहे. पण मृत्यूनंतर प्रशिक्षणाची वही मागून बघणारे कुणी तरी तिथे होते. आपल्याकडे राज्यघटनेने तुरुंग हा विषय राज्यसूचीत घातला आहे. राज्यच तुरुंग चालवते, राज्यच शिपाई भरती करते, राज्यच त्यांना शिकवते, राज्याचाच महासंचालक तपासणी करतो आणि अहवाल राज्याच्याच गृह किंवा कारागार खात्याकडे जातो. हा महासंचालक बहुधा पोलीस सेवेतून आलेला असतो. पकडणाऱ्यांच्या सेवेतला माणूस सांभाळणाऱ्यांचा प्रमुख होतो, आणि सुधारणेपेक्षा बंदोबस्ताची भाषा आपोआप वर येते.

यावर लखनौच्याच एका माणसाने चाळीस वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. आनंद नारायण मुल्ला. उर्दूचे मान्यवर कवी, साहित्य अकादमीचे मानकरी, लखनौचे वकील, मग अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि १९६७ मध्ये अपक्ष म्हणून लखनौतून लोकसभेवर निवडून गेलेले. न्यायमूर्ती असताना एका निकालपत्रात त्यांनी पोलीस दलाला देशातली सर्वांत बेबंद संघटित टोळी ठरवण्याइतके कडक शेरे मारले होते. उत्तर प्रदेश सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ते शेरे वगळले गेले. १९८० मध्ये केंद्राने तुरुंगसुधारणेच्या अखिल भारतीय समितीचे अध्यक्षपद याच माणसाला दिले. १९८३ साली समितीने अहवाल दिला. तुरुंगांसाठी पोलिसांपासून वेगळी अखिल भारतीय सेवा असावी, कायमस्वरूपी राष्ट्रीय तुरुंग आयोग असावा, कच्चे आणि पक्के कैदी वेगळे ठेवावेत, पत्रकारांना आणि सामान्य लोकांना अधूनमधून तुरुंग पाहू द्यावा. शिफारशी वाचल्या की जाणवते, हा माणूस एकाच गोष्टीच्या मागे लागला होता: तुरुंगाचे दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडता आले पाहिजे. वेगळी सेवा आली नाही. कायमचा आयोग आला नाही. सरकारी नियमावल्या मात्र येत राहिल्या; आदर्श नियमावली १९६० ची आधीच होती, मग २०१६ ची आली, मग २०२३ चा आदर्श कायदा.

नियमावली लिहिणाऱ्यांनाही कुणीतरी तपासावे लागते, हे उत्तर प्रदेशाच्या ताज्या अनुभवाने दाखवले. २०२२ मध्ये राज्याने नवी कारागार नियमावली आणली. काळ्या पाण्याची, संस्थानांतल्या कैद्यांची कालबाह्य कलमे काढली; बंदिनींना मंगळसूत्र घालण्याची मुभा दिली. चांगले केले. पण साध्या कैदेच्या बंद्याला हलके, अपमानास्पद काम देऊ नये, तो अशा कामाची सवय असलेल्या जातीतला असेल तर गोष्ट वेगळी, हे वाक्य तसेच राहिले. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध याचिका केली, तेव्हा आमच्याकडे असे काही नाही असे उत्तर प्रदेशाच्या वतीने सांगण्यात आले. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी भर न्यायालयात त्याच राज्याची नियमावली वाचून दाखवली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने अशी कलमे घटनाबाह्य ठरली. आता विचार करा, २०२२ ते २०२४ मध्ये या नियमावलीप्रमाणे शिकून गेलेल्या प्रत्येक शिपायाने जात पाहून झाडू देण्याचा नियम अधिकृत म्हणून पाहिला असणार. खात्यातल्या कुणाला तो खटकला नाही. खटकला तो बाहेरून आलेल्या पत्रकाराला.

मग आता काय होते? होते ते निलंबन. ९ जुलै २०१८ रोजी बागपतच्या तुरुंगात मुन्ना बजरंगी या बंदी गुंडाला गोळ्या घालून मारले. १४ मे २०२१ रोजी चित्रकूटच्या तुरुंगात एका बंद्याने दोघांना गोळ्या घातल्या आणि तोही पोलिसांच्या गोळीने मेला. २०२३ मध्ये त्याच चित्रकूटमध्ये एका आमदार बंद्याची पत्नी बेकायदा भेटीत सापडली. दर वेळी चौकशी, दर वेळी अधीक्षकापासून शिपायापर्यंत निलंबनाची यादी. माणूस हटतो, वहिवाट राहते. पिस्तूल २००३ मध्ये लखनौत फाटकातून आत आले होते, २०१८ मध्ये बागपतला आले, २०२१ मध्ये चित्रकूटला. हीच एक गोष्ट वर्षानुवर्षे होत असेल तर ती एखाद्या भ्रष्ट शिपायाची म्हणून सोडून देता येत नाही. एका फाटकाचा धडा दुसऱ्या फाटकापर्यंत पोचवणारे कुणी नाही असा तिचा अर्थ.

महाराष्ट्राने यावर मान वर करून बोलावे अशी स्थिती नाही. पुण्यात येरवड्याला दौलतराव जाधव यांच्या नावाचे कारागृह अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे, परंपरा मोठी आहे. तरीही २३ जून २०१७ ला भायखळ्याच्या महिला तुरुंगात मंजुळा शेट्ये मेली. ती शिक्षा भोगणारी बंदिनी होती आणि चांगल्या वागणुकीमुळे तिला बरॅकीची जबाबदारी दिलेली होती. दोन अंडी आणि पाच पाव कमी आले, असे तिने वरच्यांना सांगितले. त्यानंतर तुरुंगातल्या महिला कर्मचाऱ्यांनी तिला अमानुष मारहाण केली असा आरोप ठेवला गेला, सहा जणींना अटक झाली, खटला उभा राहिला. आत उसळलेल्या संतापाबद्दल दोनशेहून अधिक बंदिनींवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. मला या प्रसंगातले अंडी-पाव विसरता येत नाहीत. शिधा बरोबर आला की नाही ते पाहणे, कमी आला तर नोंदवणे, म्हणजेच देखरेख. ती देखरेख त्या दिवशी एक कैदी बाई करत होती, कारण करायला दुसरे कुणी नव्हते. लखनौचा जेलर झडतीच्या धड्याबरोबर एकटा पडला, भायखळ्याची मंजुळा पावाच्या हिशेबाबरोबर. एक वर्दीत, एक तुरुंगाच्या साडीत. मी या दोघांना शेजारी ठेवतो, कारण त्यांना एकाच गोष्टीची गरज होती.

कुणी म्हणेल, तपासणी आहे की. आहे. जिल्हा न्यायाधीश येतात, जिल्हाधिकारी येतात, अभ्यागत मंडळ नावाची चीज नियमावलीत आहे, मानवी हक्क आयोगाला भेट देण्याचा अधिकार आहे. २० डिसेंबर १९७९ च्या सुनील बत्रा निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवायला आणि त्यांच्या किल्ल्या तुरुंगाबाहेरच्या अधिकाऱ्यांकडे द्यायला सांगितले. तिहारमध्ये एका वॉर्डरने पैशांसाठी एका बंद्याचा छळ केला होता, आणि शेजारच्या फाशीच्या कैद्याने न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून तो खटला उभा राहिला होता. १९८३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या पंधरा बायकांशी बोलून लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने पोलीस कोठड्यांना न्यायाधीशांनी अचानक भेटी द्याव्यात असा आदेश दिला. पण त्याच शीलाबाईंना बंदिनींच्या मुलाखतींची मिळालेली परवानगी पुढे काढून घेतली गेली.

या सगळ्या भेटींचे प्रत्यक्षात काय होते? बहुतेक भेटी आधी कळतात. आदल्या दिवशी चुना मारला जातो, ओटे धुतले जातात, त्या दिवशीची डाळ दाट होते. साहेब रांगेपुढून जातात आणि अधीक्षकाच्या समोर विचारतात, काही तक्रार? बंदी काय सांगणार. साहेब संध्याकाळी जाणार, शिपाई रात्रभर असणार. तेच शिपायाचेही. त्याला बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात, त्याची रजा अडते, त्याच्यावर वरून एखाद्याला ‘सोय’ देण्याचा दबाव येतो. साहेब त्याला तर कधीच विचारत नाहीत. बाहेरच्या माणसासमोर बोलायची सोय नसलेल्या दोन माणसांना आपण एका भिंतीत ठेवतो, आणि एकाने दुसऱ्याला सुधारावे अशी अपेक्षा करतो.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तुरुंग खात्याबाहेरचा मुख्य तुरुंग निरीक्षक आहे. डिसेंबर १९९५ मध्ये नवे निरीक्षक डेव्हिड रॅम्सबॉथम लंडनच्या हॉलोवे महिला तुरुंगाच्या तपासणीला गेले आणि तिथली अवस्था बघून तपासणी अर्ध्यावर सोडून बाहेर पडले. अशा जागेची मी तपासणी करत बसणार नाही, आधी दुरुस्त करा, हा त्याचा अर्थ सगळ्या देशाला कळला. त्यांना गृहमंत्र्यांच्या मर्जीवर पुढची बदली अवलंबून असलेल्या अधिकाऱ्यासारखे वागावे लागत नव्हते म्हणून ते हे करू शकले. नॉर्वेत तुरुंग अधिकारी व्हायचे तर दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण पगारासह पूर्ण करावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी प्रशिक्षण आणि तपासणी या दोन्ही गोष्टी मागितल्या आहेत. तपासणी दुहेरी हवी, एक खात्याची आणि एक खात्याबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेची, हे त्यांत स्पष्ट आहे. आपण पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडला.

विरोधातला सगळ्यात गंभीर मुद्दा खर्चाचा नाही. तो मनोबलाचा आहे. आधीच कमी पगारात, कमी माणसांत काम करणाऱ्या शिपायावर आणखी एक डोळा ठेवला तर तो खचेल, कैदी डोक्यावर बसतील, असे तुरुंग अधिकारी मनापासून म्हणतात. मी हा मुद्दा हलका समजत नाही. रात्री दोन वाजता दीडशे माणसांच्या बरॅकीबाहेर एकट्याने उभे राहिलेल्या माणसाची भीती खरी असते. पण लखनौच्या जेलर अवस्थींना भीती तपासणीमुळे वाटली नव्हती. त्यांच्या वाट्याला आलेले एकटेपण तपासणी नसल्यामुळे होते. आमदाराच्या भेटींची नोंदवही दर महिन्याला बाहेरचा कुणी पाहत असता, तर झडतीचा आदेश एका जेलरची हट्टी मर्जी ठरला नसता, तो नियम ठरला असता. नाही म्हणणाऱ्या शिपायाला ‘मी काय करू, वरून बघतात’ असे म्हणता येणे ही फार मोठी ढाल आहे. पोलीस कोठडीतून आलेल्या माणसाच्या अंगावरच्या जखमा फाटकावर डॉक्टरकडून लिहून घेणारा कर्मचारी स्वतःला वाचवत असतो; त्या नोंदीशिवाय दुसऱ्या दिवशी त्या जखमा त्याच्या नावावर चढतात. चांगल्या प्रशिक्षणात हे शिकवतात. ती नोंद खरोखर होते का, हे पाहायला मात्र कुणी जात नाही.

म्हणून माझी मागणी नव्या अभ्यासक्रमाची नाही. प्रत्येक राज्यात कायद्याने स्थापलेला, तुरुंग आणि पोलीस खात्यांबाहेरचा निरीक्षक हवा. त्याला न सांगता जाता यावे, बंद्याशी आणि शिपायाशी एकांतात बोलता यावे, अहवाल थेट विधिमंडळात मांडता यावा आणि सरकारने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. प्रशिक्षण संस्थांची परीक्षाही त्यानेच घ्यावी. संस्थेत किती तास शिकवले हे त्याने मोजायची गरज नाही. शिकून गेलेल्या शिपायांपैकी सहा महिन्यांनी किती जण शिकवलेले करू शकत आहेत, आणि जे करू शकत नाहीत त्यांना कुणी अडवले, हे त्याने विचारावे. लखनौच्या संस्थेला या कामाची सुरुवात करण्याचा हक्क आहे. जिने देशाला पहिल्यांदा शिकवले, तिनेच पहिल्यांदा आपले शिकवलेले बाहेरच्यांपुढे तपासायला द्यावे.

त्या निरीक्षकाची पहिली भेट कशी असावी ते मी डोळ्यांपुढे आणतो. रात्री दोन वाजता, कुणाला न कळवता, मुलाहिजा बरॅकीपाशी. आधी बंद्यांना उठवू नये. फाटकावरच्या बंदीरक्षकाजवळ बसावे, त्याची पाळी कधी सुरू झाली ते विचारावे, या महिन्यात झडती न घेता आत सोडायला त्याला कुणी सांगितले होते का ते विचारावे, आणि तो जे सांगेल ते त्याच्यासमोर लिहून घ्यावे. मग आत जावे.